आधी माझं वाक्य

म्हैसुरात कुणी मराठी बोलताना कानावर आलं की मी हातातलं काम टाकून तिकडे जाते. बाजारात, बँकेत, चामुंडीच्या पायऱ्या चढताना, कुठेही. नवऱ्याला याची लाज वाटते. तो जरा मागे रेंगाळतो आणि मोबाइलमध्ये डोकं घालतो. मी पुढे होऊन विचारते, "मराठी का?" समोरच्याने मान हलवली की लगेच, "आडनाव काय?" आणि त्याच्यामागून, "मूळ गाव कुठलं?" एवढ्यात एखादी आत्तेबहीण, एखादा शाळासोबती, निदान कुणाच्या तरी नणंदेचं सासर निघतंच. परमुलखात एवढं सापडलं की माझा दिवस मजेत जातो.

आमच्या मराठी मंडळात दोन तऱ्हेची माणसं आहेत. एक आमच्यासारखी, नोकरीच्या मागे महाराष्ट्रातून आलेली. दुसरी इथली जुनी, ज्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत शिपाई होते. त्यांच्या घरात मराठीच बोलतात, पण वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये कधी संपलं ते त्यांनाही कळत नाही. गणपतीतलं नाटक बसवणारे काका या जुन्यांपैकी. रेल्वेतून निवृत्त झालेले, अंगाने बारीक, आवाज मात्र फलाटावर ऐकू जावा असा. तालमी त्यांच्याच घरच्या हॉलमध्ये होतात. काकू सगळ्यांना कॉफी आणि कोडबळी, म्हणजे इथली कडबोळी, देतात, आणि त्या कोडबळ्यांसाठी निम्मी माणसं नाटकात काम करतात असं माझं मत आहे.

त्या वर्षी आमची नायिका ऐन वेळी बदली होऊन हैदराबादला गेली. नाटक बंद पडायच्या बेतात होतं. तेवढ्यात कुणाच्या तरी ओळखीने एक नवी मुलगी आली. पंचविशीतली, गावाबाहेर कडकोळच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला, म्हैसुरात येऊन जेमतेम काही महिने झालेली. काकांनी तिला आधी आमची तालीम बघू दिली, मग दुसऱ्या अंकातलं एक पान तिच्या हातात दिलं. बाप मुलीला घराबाहेर काढतो, तो प्रसंग. तिने पान वाचलं, पाठ केलं असावं असं वाचलं, आणि शेवटच्या वाक्याला काकूंच्या हातातला कॉफीचा ट्रे तसाच राहिला. मी मंडळाची सांस्कृतिक चिटणीस आहे. अशी मुलगी वर्षानुवर्षांत एखादी येते, हे मला कळतं.

मी आनंदाने धावतच तिच्याकडे गेले आणि विचारलं, "आडनाव काय गं तुझं?"

"नावाने हाक मारा ना, ताई. तेवढं पुरे आहे."

मला वाटलं, लाजते आहे. मी समजावून सांगितलं की आमच्याकडे नाटक संपल्यावर सगळ्या कलाकारांनी स्टेजवर उभं राहून पूर्ण नाव आणि मूळ गाव सांगायची पद्धत आहे. लोक त्याचीच वाट बघत असतात. मग मागे येऊन ओळखी काढतात, जेवायला बोलावतात.

तिने पान घडी घालून काकांना परत दिलं. रागावलेली दिसत नव्हती, तेच मला जास्त लागलं. "मग मला हे काम नको," ती म्हणाली. "माफ करा काका."

मला राग आला. लपवायचं काय त्यात, असं मी बोलूनही गेले. काका मधे पडले. "अक्का, स्वल्प थांबा. ती आज नको म्हणती, उद्या काय म्हणती बघू. उद्याची तालीम होऊ दे." तिने काकांकडे बघून उद्यापुरतं हो म्हटलं. नाटक त्या एका 'हो'वर लटकलं होतं.

माझा कारखानाही कडकोळलाच आहे. काकांच्या घरून खाली उतरल्यावर मी तिला म्हटलं, "हे बघ, मला भांडल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. उद्यापासून माझ्या गाडीतून चल. बसचा त्रास वाचेल आणि आपलं भांडणही होईल." ती पहिल्यांदाच हसली. विद्यारण्यपुरममधल्या तिच्या गल्लीच्या तोंडाशी तिला घ्यायचं ठरलं.

इथे काकांच्या तालमीची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आमच्या नाटकातल्या जुन्या घरांतल्या पोरांना मराठी बेताची येते. जावयाचं काम करणारा इंजिनिअर संवाद कन्नड लिपीत लिहून पाठ करतो आणि आपण काय बोललो हे बायकोला विचारतो. म्हणून काकांनी नियम केला होता: समोरच्याचं वाक्य काय होतं ते आधी आपल्या शब्दांत सांगायचं. त्याने कन्नडमधलं होय, "हौदु, हेच", म्हटलं तरच आपलं वाक्य बोलायचं. तालमी त्यामुळे गोगलगाईच्या चालीने चालायच्या. पण प्रयोगाला कुणी नुसतं घोकलेलं बोलायचं नाही, हेही खरं.

तर पहिल्या दिवशी नंजनगूड रस्त्याला लागलो आणि मी सुरू झाले. माझा मुद्दा माझ्या मते बिनतोड होता. आम्ही इथे नवे असताना नवऱ्याला डेंगी झाला. मला कन्नड येत नव्हतं, दवाखान्यात कुणी ओळखीचं नव्हतं. औषधाच्या खिडकीवरच्या बाईने फाइलवरचं आडनाव वाचलं आणि मराठीत विचारलं, कुठले तुम्ही? त्या संध्याकाळपासून नवरा घरी येईपर्यंत तिच्या घरून आम्हाला डबा येत होता. "त्या आडनावावरून डबा आला," मी म्हटलं. "आणि तू म्हणतेस ते विचारूच नये. ही आपुलकी आहे, चौकशी नाही."

तिने तोंड उघडलं आणि थांबली. "काकांच्या नियमाने बोलू या का, ताई? आधी तुमचं वाक्य मी म्हणते." मग समोरच्या रस्त्याकडे बघत ती म्हणाली, "तुम्ही परक्या गावात घाबरला होता. भाषा येत नव्हती, माणूस आजारी होतं. आणि एका शब्दावर कुणीतरी तुमचं झालं. तो शब्द तुमच्याकडून सुटत नाही."

नवऱ्यालासुद्धा इतक्या वर्षांत हे इतकं नीट सांगता आलं नव्हतं मला. "हौदु," मी म्हटलं. "हेच."

"आता माझं. म्हैसुरात आले तेव्हा एका मराठी बाईंचं घर भाड्याने बघायला गेले होते. तुमच्यासारखाच आनंद झाला त्यांना. लाडू दिला, चहा टाकला, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या आत गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा म्हणाल्या, घर आधीच एकांना कबूल केलंय, विसरलेच होते मी. चहा नाही आला. तुमचा डबा माझ्या आडनावावरून आला असता का, ताई?"

"आला असता," मी ताडकन म्हटलं.

"नक्की?"

त्या खिडकीवरच्या बाईचा चेहरा मी आठवून बघितला. भली बाई होती. पण नक्की म्हणायला मला काही सापडेना, आणि तोवर कारखान्याचं गेट आलं. उतरताना ती म्हणाली, "तुम्ही माझं वाक्य म्हणायचं राहिलंय. उद्या." त्या दिवशी कामात माझं अजिबात लक्ष नव्हतं. मला तिच्याशी कधी एकदा बोलते असं झालं होतं. शाळेतल्या मैत्रिणींनंतर अशी उत्सुकता मला कुणाबद्दल वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिचं वाक्य म्हटलं. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. "तुला जात लपवायची आहे, कारण..."

"नाही. चुकलं. परत."

"तुला भीती वाटते की..."

"नाही."

मला घाम फुटला. मी लोकांची बोलती बंद करणारी बाई, आणि मला दुसऱ्याचं एक वाक्य धड म्हणता येईना. ती मजेत खिडकीबाहेर बघत होती. शेवटी कडकोळ दिसायला लागलं तेव्हा मी म्हटलं, "तू काही लपवत नाहीस. आडनाव ऑफिसात आहे, कागदावर आहे. पण कुणी तुला भेटलं तर आधी तू भेटावीस. ते नंतर."

"हौदु," ती म्हणाली. तिच्या तोंडून कन्नड मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि मला इतका आनंद झाला की मी गेटवरच्या वॉचमनला उगाच हॉर्न वाजवून नमस्कार केला.

पण म्हणून मला तिचं पटलं होतं असं कुणी समजू नये. ती उद्यापुरतं हो म्हणत रोज तालमीला येत होती, आणि रोज सकाळी आम्ही भांडत होतो. मी म्हणायचे, नाव न सांगून घरमालकीण सुधारत नाही, उलट तिची सोय होते. तू ठणकावून सांग, बघू काय करतात. ती म्हणायची, ठणकावून सांगायचं काम रोज मीच का करायचं, मला कधी तरी नुसतं नाटकही करायचं असतं. आरक्षणावरून एकदा इतकी जुंपली की गाडी बाजूला घ्यावी लागली. तिथेही आधी एकमेकींची वाक्यं म्हटली. कुणी हरलं नाही. माझं मत थोडं हललं, तिचं अजिबात नाही, आणि याबद्दल मी अजून तिच्यावर रुसून आहे.

तालमीत काकांच्या कानावर हे गेलं. ते दोघींवर नाराज निघाले. "आमच्यात सगळे राव झाले अक्का," ते मला म्हणाले. "नावापुढं एक इनिशियल, मागं राव. आडनाव कुठलं ते माझ्या पोराला ठाऊक नाही." मी तिच्याकडे विजयाने बघावं की तिने माझ्याकडे, हे ठरायच्या आत ते तिच्याकडे वळले. "मत्ते तू ऐक मगा, ऐक पोरी. आडनाव गेलं, पण लग्नाच्या टायमाला सगळ्यांना सगळं ठाऊक असतंय. सुम्ने, नुसतं नाव काढून जात जात नाही." तिने हातातली कोडबळी बशीत परत ठेवली. मग म्हणाली, "तुमचं वाक्य उद्या म्हणते, काका. अवघड आहे."

त्यावर काकांना काय आनंद झाला. काकूंनी तिला कोडबळी डब्यात भरून दिली.

स्टेजवरच्या ओळखीचं मात्र ठरलं नव्हतं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी विचारलं. ती म्हणाली, "काम करते. शेवटी स्टेजवर येईन की नाही, ते तेव्हा बघू." मी रागावले नाही. मला झोप लागली नाही, ती गोष्ट वेगळी.

प्रयोग असा झाला की अजून आठवलं तरी माझे हात आपोआप टाळ्यांसाठी पुढे येतात. दुसऱ्या अंकाला हॉलमध्ये खुर्चीची कुरकुरसुद्धा ऐकू येत नव्हती. पडदा पडला, परत उघडला, आणि माइक माझ्या हातात होता. एकेक कलाकार पुढे येऊन नाव आणि गाव सांगू लागला. जावई कन्नडमध्येच बोलून गेला, लोक खूप हसले. आणि मग विंगेतून ती आली. मला हुंदका यायचा बाकी होता. तिने स्वतःचं नाव सांगितलं, आईचं, वडिलांचं, मग गाव.

पहिल्या रांगेतून एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "वा. आणि आडनाव?"

ती माझ्याकडे बघत होती. माझी जीभ एरवी माझ्या आधी धावते, पण त्या क्षणी मला एकच गोष्ट सुचली, काकांचा नियम. मी माइकवर म्हटलं, "साहेब, तुम्हाला तिचं काम फार आवडलं. आता ती आपलीच कुणीतरी निघावी असं वाटतंय. म्हणून विचारलंत. बरोबर ना?"

"अगदी तेच," ते म्हणाले. "दुसरं काय."

तिने माझ्या हातातून माइक घेतला. "मग आपण ओळख इथून पुढे काढू या का, साहेब? मी विद्यारण्यपुरमला राहते. रविवारी चहाला या."

गृहस्थ हात जोडून म्हणाले, "येतो. बायकोलाही आणतो." टाळ्या पडल्या. सगळ्यांनी वाजवल्या नाहीत. खजिनदारांच्या पत्नी नंतर मला म्हणाल्या की साध्या गोष्टीचं अवडंबर केलंत. मी त्यांचं वाक्य त्यांना म्हणून दाखवलं आणि म्हटलं, याच्यावर बसून बोलू. त्या अजून आलेल्या नाहीत.

सोमवारी नेहमीप्रमाणे ती गाडीत बसली. रविवारी गृहस्थ खरोखर सपत्नीक आले होते, चकल्या घेऊन. चकल्या कडक होत्या, असं ती सांगत होती. नंजनगूड रस्त्याला लागल्यावर, चकल्यांचं बोलणं चालू असतानाच, मी काही विचारलेलं नसताना तिने मला तिचं आडनाव सांगितलं. सहज, तिखट जास्त होतं म्हणावं तसं. मी "बरं" म्हटलं. मग गावातल्या शाळेचं निघालं, आणि तिथल्या जुन्या बाई म्हणजे माझीच एक मावशी हे कळलं तेव्हा मी गाडीत ओरडलेच. तिच्या आईला मावशीने पाढे शिकवले होते.

काय आडनाव, असं तुमच्या ओठांवर आलं असेल. येणारच, माझ्याही यायचं. पण ते तिने मला सांगितलंय.