एंटरवरचं तेलकट बोट

वडा खाता खाता, त्याच तेलकट बोटाने निखिलने एंटर दाबलं आणि सर्व्हर रीस्टार्टला टाकला. माझं डोकंच फिरलं. रक्तपेढीचं सगळं काम या सर्व्हरवर चालतं. त्याच्या कर्नलमधली, म्हणजे अगदी गाभ्यातली सेटिंग या पठ्ठ्याने बदलली होती, आणि तीही थेट कायमची.

आधी ती तात्पुरती बदलून बघायची असते. मग काही बिघडलंच, तर रीस्टार्ट केल्यावर सर्व्हर ते विसरून जातो. एवढं मोठं मन माणसाचंही नसतं. याने तेसुद्धा लाथाडलं.

“त्या सेटिंगचा जुना आकडा काय होता रे?” मी विचारलं.

“बघितला नाही. नेटवर सगळे हाच टाकतात.”

सगळे! सगळ्यांचे सर्व्हर काय एकाच आईच्या पोटचे आहेत? ज्याचं बोट एंटरवर क्षणभरही कचरत नाही, त्याच्या हुशारीची मला किळस येते.

सर्व्हर काही उठला नाही. फोन मात्र वाजला. रक्तपेढीतल्या बाई होत्या. “रक्ताच्या पिशव्या समोर आहेत हो, पण कुठली कोणासाठी राखलीय तेच दिसत नाहीये. नातेवाईक दारात उभे आहेत.”

निखिलने बोटं रुमालाला पुसली. एंटरचं बटण अजून तेलाने चकाकत होतं.