पूजेत ठेवलेलं खोकं

१९९६ साल. मी त्रेपन्न वर्षांचा होतो आणि तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत माझा स्टॅबिलायझरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, वायंडिंगची दोन मशीनं आणि सहा माणसं. पण पाटीवर कारखाना लिहिलं होतं, तेव्हा कारखानाच.

मी पाचवीपर्यंत शिकलो, तीही पुरती नाही. मराठी अक्षरं आजोबांनी घरी गिरवून घेतली, बाकी सारं हातानं शिकलो. आमच्याकडे शेतातले पंप सुरू झाले की वीज खाली बसायची आणि टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. मग लोक माझ्याकडे यायचे. तिरुवैयारुपासून ओरत्तनाडुपर्यंत जिथं टीव्ही तिथं माझा डबा, असं मी म्हणत असे. बायको म्हणायची, "शेजारच्या घरी नाही." शेजाऱ्याशी माझं पटत नव्हतं, ते वेगळं.

पुढं बाहेरच्या कंपन्या आल्या आणि नवे टीव्ही आले. वीज कितीही वरखाली होवो, यांना स्टॅबिलायझर नको, असं दुकानदार सांगायला लागला. मी मानलं नाही. त्याच्याकडून एक सेट मागून घरी आणला आणि पंपांच्या वेळेला त्याच्यासमोर मांडी घालून बसलो. वीज बसली, खोलीतला दिवा पिवळा झाला, चित्र जागचं हललं नाही. तीन संध्याकाळी बसलो. नाही हललं.

तेव्हाच मला कळलं. पण कारखान्यात मी एक शब्द काढला नाही. मालकानं घाबरायचं नसतं आणि घाबरला तर दिसू द्यायचं नसतं, एवढंच मालकपण मला येत होतं. आमचा फिटर उन्हाळ्यात एकदा म्हणाला होता, "मुदलाळी, इन्व्हर्टर करू या का? हल्ली वीज जातेच सारखी. बॅटरीवर दिवा, पंखा चालेल." मुदलाळी म्हणजे मालक. मी म्हणालो, "आपण स्टॅबिलायझरवाले. उद्या म्हणशील इडलीचं यंत्र करू." खरं कारण दुसरंच होतं. इन्व्हर्टरमध्ये काय असतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि स्वतःच्या कारखान्यात दुसऱ्याला विचारायचं माझ्यानं होईना.

शेवटी मी मनाशी ठरवलं. ओरत्तनाडुचा एक मोटार वायंडिंगवाला दोन्ही मशीनं घ्यायला तयार झाला. नवमीची आयुधपूजा होऊ दे, विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी गाडी आण, असं त्याला सांगून ठेवलं. पूजेच्या दिवशी प्रसाद वाटताना माणसांना सांगायचं आणि विषय संपवायचा. सहा घरं त्या दोन खोल्यांवर चालत होती. महिनाभर मला घास गोड लागला नाही.

पूजेचा दिवस आला. मशीनं पुसून त्यांना गंध-कुंकू लावलं, माळा घातल्या. ज्यानं त्यानं आपलं हत्यार आणून केळीच्या पानावर ठेवलं. आमच्या कारखान्यात नियम कडक होता. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. फिटरनं एकदा विसरून सोल्डरिंग आयर्न उचललं होतं, तर मी त्याला आठवडाभर ऐकवलं होतं.

आरती झाली आणि माझी नजर पानावर गेली. पकडी आणि स्क्रूड्रायव्हर यांच्यामध्ये एक पत्र्याचं खोकं होतं. आमचं नव्हे. गंध लावलेलं, वर शेवंतीचं फूल.

"हे काय?"

अक्का पुढं आली. ती आमच्याच गल्लीतली, घरी मराठी बोलणारी, वीस वर्षं माझ्याकडे वायंडिंग करत होती. वयानं माझ्याहून धाकटी, पण सगळे अक्का म्हणत म्हणून मीही म्हणायचो.

"इन्व्हर्टर आहे, अण्णा. मी आणि फिटरनं केला. माझ्या घरी."

"आणि सामान?"

"तुमच्याकडून ट्रान्सफॉर्मरच्या टाकाऊ पत्र्या मागून नेल्या होत्या ना? पापडाचं फडकं उडतं, वजनाला हव्यात म्हणून."

"चार किलो पत्र्या? असले कुठले पापड तुझे?"

मागं कोणीतरी हसलं. माझा हात आपसूक स्क्रूड्रायव्हरकडे गेला. दुसऱ्याची वस्तू हातात आली की आधी उघडायची आणि खोट काढायची, ही माझी जन्माची खोड.

"अण्णा," अक्का म्हणाली, "पूजा झालीय."

हात तिथंच थांबला.

"म्हणूनच आजचा दिवस धरला," ती म्हणाली. "एरवी तुम्ही ऐकण्याआधी खोललं असतं."

राग आला. पण नियम माझाच. मी बाकावर बसलो आणि ती बोलत राहिली. आत ट्रान्सफॉर्मरच मुख्य असतो, तो गुंडाळायला आपल्यासारखे हात गावात नाहीत, बाकीचं फिटर शिकून आलाय, तिच्या घरी दोन महिने दिवा जळतोय. मी आयुष्यात कुणाचं इतका वेळ ऐकलं नव्हतं.

तिचं संपल्यावर मी म्हणालो, "मला एक सांगायचंय."

"ओरत्तनाडुच्या माणसाचं ना?" फिटर म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"स्टॅबिलायझर घ्यायला आलोय म्हणाला आणि वितीनं मशीनचे पाय मोजत बसला. मुदलाळी, आम्ही काय आंधळे?"

म्हणजे महिनाभर मी लपवत होतो आणि महिनाभर ते पाहत होते. मला लाज वाटायला हवी होती. पण खांद्यावरून तांदळाचं पोतं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं झालं. मी म्हणालो, "पुढं काय होणार ते मला कळत नाही. आणि या खोक्यातलंही मला काही कळत नाही." दोन्ही गोष्टी तोंडातून गेल्या आणि छत कोसळलं नाही.

"बरं," अक्का म्हणाली. "सुंडल खाणार का? महिनाभर काही खात नाही म्हणून वहिनी सांगत होत्या."

तिखटमीठ आणि खोबरं घातलेले ते चणे मी दोन द्रोण भरून खाल्ले, वर चुरमुरे. मग तिथंच बाकावर भरदुपारी मला झोप लागली. उठलो तेव्हा सगळे घरी गेले होते आणि कुणीतरी माझा चष्मा काढून गणपतीपाशी ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेलो. हात जोडून हत्यारं उचलली, आणि खोकं उघडलं. अर्धा तास खोट शोधली. अर्थिंगची एक तार सैल होती. ती आवळली तेव्हा जरा बरं वाटलं. मेन स्विच बंद केला, खोक्याला बॅटरी आणि दिवा जोडला. लागला. पंखा जोडला, तोही फिरला, जरा कण्हत. मग कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवर जाऊन ओरत्तनाडुला निरोप दिला, उद्या गाडी आणू नकोस. तो चिडला. मीही चिडलो, सवयीनं.

परत आलो तर अक्का मशीनवर बसली होती. तिच्या शेजारी स्टूल ओढलं, खोकं दोघांच्या मध्ये ठेवलं आणि म्हणालो, "सांग. पहिल्या तारेपासून."