आमच्या वाट्याचं पान

खोबरं भाजल्याचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. निजामाचा हाली रुपया चालायचा तेव्हाची गोष्ट. आखाडात माझा भाऊ झरीहून मला माहेरी न्यायला येणार होता, म्हणून मी पाला घालून वाढवलेला बोकड सासऱ्यांनी कापला. एक वाटा घरात ठेवायचा आणि बाकीचे विकायचे, असं ठरलं. अंगणात पळसाच्या पानांवर सारखे वाटे मांडले, एका वाट्याला आठ आणे. झालं! जो तो आपला वाटा चिवडायला लागला. “दाजी, ह्यात निस्ती हाडंच हायती. सहा आणे घ्या.” सासरे ताठ. “भाव कमी व्हायचा न्हाई. वर एक तुकडा घ्या.” आता हा वरचा तुकडा यायचा कुठून? आमच्याच वाट्यातून! शेवटी आमच्या पानावर एक खूर तेवढा उरला. आत सासूबाई खोबरं भाजून, मसाला वाटून बसलेल्या. पान बघून कडाडल्या, “आता ह्या मसाल्यात तुमचं पागोटं शिजवू का?” सासरे म्हणाले, “पर भाव मोडला न्हाई मी.” तेवढ्यात शेजारचे भाऊजी वाटी घेऊन दारात उभे. वरचे तुकडे सगळ्यांत जास्त यांनीच नेलेले. “वैनी, वास लय भारी सुटलाय. आमच्याकडं मसाला वाटलाच न्हाई, जरा घाला की.” सासऱ्यांनी वाटी भरून दिली, आणि पाट्यावरचं पुसून वर थोडा जास्तच दिला. भाऊ पिठलं-भाकर खाऊन मला घेऊन निघाला. तेव्हापासून खोबरं भाजायचं असलं की मी आधी दाराला कडी घालते.