उतारावरची कळलावी

खांब गावाजवळ रस्त्याकडेला गवत जळल्याचा वास आला की मला काकी आठवते. एका फाल्गुनात डोंगरावरचा वणवा विझवायला गेलेले काका तिथेच होरपळून गेले. काका गेल्यामुळे त्या भाद्रपदात आमच्याकडे गौर नव्हती, तरी काकी सवयीनं मला घेऊन फुलांसाठी त्याच डोंगराच्या उतारावर गेली. झाडांचे बुंधे अजून काळेच होते, पण गौरीला लागणारी कळलावी लाल-पिवळ्या फुलांनी कधी नव्हे एवढी भरली होती. "ही जळली नव्हती का गो?" मी विचारलं. "जळली तर. पण तिचा कंद मातीत ऱ्हातो, त्याला काय व्हत नाय," काकी म्हणाली. मग विळ्यानं ती एका वेलाच्या बुडाशी खणत सुटली, हात सोलवटले तरी थांबेना. कंद काही लागला नाही. शेवटी मीच तिला उठवून घरी आणलं. आता गौर मी बसवते, पण ते फूल मला अजून तोडवत नाही.