सुर्वेकाकांनी अल्ट्रा का निवडली

मागच्या महिन्यात एका रविवारी भाट्याच्या पुलावर आमचा रनिंग ग्रुप फुटता फुटता राहिला. भांडण कशावरून, तर पळायचं किती यावरून!

ग्रुप म्हणजे आम्ही चौघंच. दातांचा डॉक्टर अमोल, शाळेत गणित शिकवणारी शबाना, माझे शेजारी सुर्वेकाका आणि मी. रविवारी उजाडता उजाडता मांडवीहून निघायचं, पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला जमेल तेवढं पळायचं, आणि मग टपरीवर चहा पीत पळण्यापेक्षा जास्त वेळ गप्पा मारायच्या...

सुर्वेकाका आमच्यात सगळ्यात हळू. रिटायर झाले आणि पाठोपाठ काकू गेल्या. दिवसभर गॅलरीत नुसते बसून असायचे, ते बघवेना, म्हणून मीच एकदा हट्टाने सोबत आणलं. आता शनिवारीच धुतलेले बूट गॅलरीत वाळत दिसतात.

त्यांच्यासाठी मी ग्रुपला एक नियम घातला होता. पुढे गेलेल्यांनी मागे फिरायचं, शेवटच्याला गाठायचं आणि त्याच्यासोबत यायचं. या नियमाचं मला कोण कौतुक! येईल-जाईल त्याला सांगायचे.

तर यंदा दोन स्पर्धा नेमक्या एकाच तारखेला आल्या. एक आपल्याच जिल्ह्यातली हाफ मॅरेथॉन, एकवीस किलोमीटर, आमच्या सवयीची. दुसरी घाटातली अल्ट्रा... पन्नास किलोमीटर. अमोल अल्ट्रासाठी हटून बसला. शबानाचं तळ्यात-मळ्यात. मी हाफच्या बाजूने.

खरं सांगू? मनातून मलाही अल्ट्राच हवी होती. पण काकांना पन्नास किलोमीटर कसं झेपणार? आणि आम्ही तिघं तिकडे गेलो की हे पुन्हा गॅलरीत.

त्या दिवशी पुलावर अमोल म्हणाला, ज्याला जे झेपेल ते त्याने करावं. झालं, माझं डोकं सटकलं. "म्हणजे काकांना टाकून जायचं का आपण?" मी चांगली ओरडलेच. काका तिथेच उभे होते. ते खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले, आणि बराच वेळ बांधतच राहिले.

टपरीवर अमोल एका बाकावर, मी दुसऱ्या. चहाचा ग्लास खाली ठेवून शेवटी काकाच म्हणाले, "मला कोणी विचारणार आहे की नाही? माझं नाव अल्ट्रात घाला."

"काका, तुम्ही? पन्नास किलोमीटर?" मी विचारलं.

"अगो, हाफमध्ये सगळे सुसाट सुटतात. मी मागे एकटा. घाटात चढ लागला की भलेभले चालतात म्हणे, आणि वेळही भरपूर देतात. मग माझ्याशी बोलायला कोणीतरी असेल की. नाहीच जमलं तर स्पर्धावाल्यांच्या गाडीत बसून येईन, त्यात काय?"

मग माझ्याकडे बघून, जरा चाचरत, "आणि एक सांगू? रागावू नको हां. तुम्ही मला न्यायला परत येताना लांबून दिसलात ना, की मी पळायला लागतो. तोवर चालतच असतो. छाती फुटायची वेळ येते गो... पण चालताना तुम्हाला दिसायला नको वाटतं."

इतके दिवस मी त्या माणसाला मायेने दमवत होते. माझा चहा तसाच गार झाला.

अमोलने काकांना आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तपासण्या झाल्या. हळू जा, दम लागला की थांबा, एवढ्या बोलीवर परवानगी मिळाली. चौघांची नावं अल्ट्रात गेली आणि माझा नियम मोडीत निघाला. आता कोणी मागे फिरायचं नाही, पुढे ठरलेल्या जागी थांबायचं.

आज चढाच्या सरावासाठी आरे-वारेला गेलो होतो. खाली समुद्र इतका सुंदर आणि वर तो चढ... देवा! अमोल नेहमीप्रमाणे दिसेनासा झाला. मी हौसेने पळत सुटले आणि अर्ध्यातच धापा टाकत थांबले.

मागून काका आणि शबाना आले. गुडघ्यांवर हात टेकत, एका लयीत चालत, आणि विषय कुठला, तर बांगड्याचं तिखलं! काका हल्ली स्वतः स्वयंपाक शिकताहेत, तिरफळं किती घालायची ते विचारत होते. बोलत बोलत दोघं माझ्या पुढून निघूनही गेले. इतकं बोलताना मी त्यांना काकू गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

मी आपली पाय ओढत चालत राहिले. तेवढ्यात वरच्या वळणावर काकांची पिवळी टोपी दिसली. खाली येत होती. नवा नियम विसरून काका मला न्यायला परत फिरले होते!

आणि गंमत बघा... टोपी दिसली मात्र, माझे पाय आपोआप पळायला लागले. जीव घशाशी आलेला, पोटात दुखतंय, तरी पळतेय. त्यांना मी चालताना दिसू नये म्हणून!

काका जवळ आले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना सगळं कळलं. मान वळवून समुद्राकडे बघत म्हणाले, "चाल गो, चाल आरामात. मी काही बघितलं नाही."

मग आम्ही दोघं चालत वर गेलो. काका, न बघितल्याबद्दल थँक यू...