देवरावजींचा पाव्हना

देवरावजींनी माझ्याआधी माझी गादी पाहिली. मी बदली होऊन साताऱ्याहून दारव्ह्याला आले त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं आणि घरमालक म्हणून ते ओट्यावर उभे होते. उंच, वाळकी शरीरयष्टी, पांढरा पायजमा, खिशाला दोन पेनं. गादीची एक शिवण उसवली होती. तिच्यातून त्यांनी चिमूटभर कापूस काढला, दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढला, जुळवला, पुन्हा ओढला. मग तो धागा उजेडात धरून म्हणाले, "आखूड हाय. कवडी भरून देल्ली तुमाले. ह्याच्यावर पाठ दुखन, बाई." कवडी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. पाठ मात्र महिनाभरात दुखायला लागली.

देवरावजी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्याची गाडी आली की ते तिच्यात कोपरापर्यंत हात घालायचे, आतला कापूस काढून बोटांनी ओढायचे आणि एकच शब्द बोलायचे. सगळ्यात चांगला तो सुपर, आणि डागी, अळीनं खाल्लेला, तो कवडी. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की ते भाकरीसुद्धा मोडण्याआधी चिमटीत धरून पाहायचे. माझ्या मैत्रिणी भेटून गेल्या की मागून हळूच सांगायचे, "ती ठेंगणी सुपर हाय. दुसरीले जरा पानी मारेल हाय." कापसाचं वजन वाढावं म्हणून लोक त्यावर पाणी मारतात, त्यावरून हे.

या बोटांपायी त्यांना एक भाऊ गमवावा लागला होता. नेरच्या बाजूला शेती करणारा हा धाकटा भाऊ एका हंगामात गाडी घेऊन केंद्रावर आला, तेव्हा कापूस आतून ओला निघाला. दादा ग्रेडर आहे म्हटल्यावर त्यानं निर्धास्तपणे पाणी मारलं होतं. देवरावजींनी सगळ्या गाड्यांसमोर "कवडी" म्हटलं. त्यानंतर भाऊ कधी उंबरठा चढला नाही. देवरावजींची बायको वारली तेव्हाही आला नाही, आणि मूलबाळ तर नव्हतंच. हे सांगताना ते आवाज जराही चढवत नसत. "डोये फसतात, बाई. डोयाले भाऊ दिसते. बोटाले फक्त कापूस समजते," एवढंच म्हणत.

मी तिथं होते ती वर्षं कापसाच्या पडझडीची होती. कधी अळी, कधी भाव, आणि केंद्र कधी उघडेल याचा कोणालाच पत्ता नसे. देवरावजींना नोकरीतून मोकळं केलेलं होतं, पण गर्दी झाली की दोन-चार आठवड्यांसाठी बोलावणं यायचं. बाकीच्या दिवसांत ते सकाळी आठला कपडे करून केंद्राच्या बंद फाटकापर्यंत जात आणि परत येत. मी एकदा विचारलं, कशाला जाता? म्हणाले, "घरी कोनासंग बोलू?" मी भिंतीपलीकडेच राहत होते. पण मीही शाळेतून आले की दार लावून घेत होते.

अशाच एका बोलावण्याच्या दिवसांत कुणाच्या तरी गाडीतून, कापसाच्या ढिगाबरोबर, एक कासव खाली पडलं. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, पायलीएवढं. तिकडं कासव दिसलं की विहिरीत सोडायची पद्धत आहे, पाणी स्वच्छ राहतं म्हणतात. गाडीवाल्यांनी तेच केलं. देवरावजी काठावर जाऊन पाहतात तो ते गटांगळ्या खात होतं. त्यांनी बादली सोडून ते वर काढलं, एक पाय चिमटीत धरून पाहिला आणि ओरडले, "अरे, ह्याचे पाय पाहा ना! ह्याले पडदा कुठी हाय? हे जमिनीवरचं जनावर हाय, मारता काय त्याले?" आणि खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळून घरी घेऊन आले.

मग त्यांनी कापसाच्या माणसानंच करावी अशी चूक केली. जन्मभर जे उत्तम म्हणून निवडलं, त्याचीच पाहुण्यासाठी गादी केली. लाकडी खोक्यात सुपर कापूस, सरकी काढून, हातानं पिंजून. मला मोठ्या कौतुकानं दाखवलं. "पाव्हना हाय, बाई. त्याले कवडीवर झोपवू काय?" तेव्हापासून त्याचं नाव पाव्हनाच पडलं.

दहा-बारा दिवसांत पाव्हना खायचं थांबला. उचलून पाहिलं तर मागच्या पायाला कापसाची दोरी वळल्यासारखी आवळली होती आणि पाय सुजून काळा पडला होता. गुरांच्या डॉक्टरांनी एक-एक धागा कापून काढला आणि देवरावजींना चांगलंच फैलावर घेतलं. गादी कोणी सांगितली? याला कोरडी माती लागते, ऊन लागतं, दडायला जागा लागते, ओल चालत नाही. जखमेवर माशी बसू नये म्हणून पाय बरा होईतो घरातच ठेवा, आणि असं जनावर घरी ठेवायला कायद्यानं बंदी आहे, तेव्हा जंगल खात्याला कळवावं लागेल. देवरावजींच्या कानात यातलं शेवटचं शिरलंच नसावं. वाटेत ते आपल्या बोटांकडं पाहत राहिले. "ज्याच्यावर भरोसा ठेवला, त्यानंच फास लावला जी," असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोची खोली उघडली. ती गेल्यापासून कुलपातच होती. तिचा पलंग त्यांनी एकट्यानं बाहेर काढला. पूर्वेच्या खिडकीखाली विटांचं वीतभर उंच आळं केलं. आत घालायला घराशेजारची काळी माती पुरेशी होती, पण ती चिमटीत धरून म्हणाले, "ही पानी धरते," आणि टेकडीवरून मुरूम आणला, चाळून, उन्हात वाळवून. एका कोपऱ्यात शंभराचा बल्ब खाली टांगला आणि दुसरा कोपरा गार ठेवला, म्हणजे पाव्हन्याला हवं तिथं जाता यावं. फुटका माठ आडवा ठेवून घर केलं. पाण्याची मातीची परळ मुरमात काठापर्यंत पुरली, त्याला चढावं लागू नये म्हणून. लोडशेडिंगमध्ये बल्ब जायचा, तेव्हा चुलीत वीट तापवून, फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायचे. मी असते तर वीट बदलायचं काम माझ्याकडं.

खाण्याची पंचाईत वेगळीच. शेतातला पाला ते आणू देत नसत. एकदा मी घोळाची भाजी घेऊन आले, तर वास घेऊन बाहेर फेकली. "फवारेल हाय. फवारल्याबिगर पान राह्यलं कुठी आता?" मग अंगणात त्यांनी स्वतःच घोळ आणि तरोटा, म्हणजे आमच्याकडचा टाकळा, लावला. जास्वंदीची फुलं रोज दोन. आम्लेटच्या गाडीवरून अंड्यांची टरफलं आणून कुटून द्यायचे, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून.

संध्याकाळी आम्ही त्या खोलीत दोन पाटांवर बसायचो. पाव्हना माठातून मान काढायचा, चार पावलं टाकायचा, थांबायचा. तेवढ्यात अर्धा तास जायचा. देवरावजी त्याच्याशी बोलायचे: "जेवला का? आज थंडी हाय, नाही?" कधी बायकोचा विषय निघायचा, कधी भावाचा. मी आईच्या पत्रांबद्दल सांगायचे. माझं दार संध्याकाळी उघडं राहायला लागलं होतं.

डॉक्टरांनी कळवल्यावरून जंगल खात्याचा गार्ड बाजाराच्या दिवशी मोटारसायकलवर यायचा. भला माणूस. पहिल्या खेपेला जखम पाहून म्हणाला, "पाय बरा झाला का सांगा, जंगलात सोडून देऊ. तोवर राहू द्या." संक्रांतीनंतर पुन्हा आला. त्याच सकाळी पाव्हना विटांच्या कडेवर पुढचे पाय टेकून उभा राहिलेला मी पाहिला होता. देवरावजींनी त्याचा मागचा पाय चिमटीत धरला, ताणला, सोडला. "कच्चा हाय अजून," म्हणाले. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

होळीच्या आसपास गार्ड तिसऱ्यांदा आला. पाव्हना माठामागं दडला होता. गार्ड हसून मला म्हणाला, "मॅडम, तुमीच सांगा. तुमी शाळंतल्या बाई, खोटं कायले बोलान?" देवरावजी खिडकीबाहेर पाहत होते. त्यांची बोटं रिकामीच एकमेकांवर घासत होती. मला ते बघवेना. मी म्हटलं, "लंगडतोय अजून."

"बाईचं आयकू नका," देवरावजी एकदम वळले. "पाय सुपर हाय. मागच्या खेपेलेच होता. मीच ग्रेड पाडला." मग खाली पाटावर बसले. "आपल्या जिवासाठी मी पाडला, ते माह्यं पाप. पन दुसऱ्यानं माह्यापायी खोटं बोलावं, हे मले नाही चालत."

गार्डनं त्यांना सोबत नेलं. मोटारसायकलवर मागं बसून, मांडीवर मुरमानं भरलेली पिशवी आणि पिशवीत पाव्हना, असे ते गेले. परत आल्यावर मी विचारलं, कसा गेला? "मागं नाही पाह्यलं त्यानं," म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी खोलीतला बल्ब लावला. दुसऱ्या दिवशीही लावला. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, "राहू द्या, बाई. सवय हाय."

मे महिन्यात माझी साताऱ्याला बदली झाली. तीन वर्षं मी अर्ज करत होते. हुकूम हातात आला तेव्हा आनंद झाला, खोटं का सांगू. देवरावजींना सांगितलं, ते "बरं झालं जी" म्हणाले आणि घोळाला पाणी घालायला गेले. पाव्हना गेला तरी घोळाची भाजी त्यांनी उपटली नव्हती.

टेम्पो आला त्या सकाळी माझी गादी मला ओळखू येईना. त्यांनी पिंजाऱ्याकडून ती उकलून, कवडी टाकून देऊन, नव्या कापसानं भरून घेतली होती. "लांब धागा हाय. पाठ नाही दुखनार," म्हणाले. मी वाकून नमस्कार केला. मग धीर करून विचारलं, "तुम्ही एकटे राहाल. बरे राहाल ना?"

त्यांनी डाव्या मनगटावरची सैल कातडी उजव्या हाताच्या चिमटीत धरली, ताणली, उजेडात पाहिली. "मी?" म्हणाले. "सुपर."

संक्रांतीला पाडलेला ग्रेड त्यांनी होळीला स्वतः दुरुस्त केला होता. स्वतःला चढवून दिलेला हा 'सुपर' दुरुस्त करायला दुसरं कोणी तरी तिथं थांबायला हवं होतं. मला ते कळलं होतं, आणि मी टेम्पोत बसले.