एकोणीस निमंत्रक, सहा जागा

अप्पांनी एक जुनी लग्नपत्रिका माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "मोजा बरं, ताई."

मी मोजली. निमंत्रक म्हणून छापलेली नावं, शिवाय 'आमच्या काकांच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली, असे सगळे मिळून एकोणीस. खाली बारीक टायपात 'व समस्त परिवार'.

"हे आमचं घर," अप्पा म्हणाले. "आन् प्लॅन विकणारी कंपनी म्हणून राहिली, फॅमिली म्हंजे सहा माणसं. सहा माणसांत आमची एक पंगत बी बसत न्हाई."

"म्हणूनच म्हणतोय सर," माझ्या शेजारी बसलेला अनिकेत म्हणाला, "बिझनेस प्लॅन घ्या. एकोणीस युजर्स. टेन्शन संपलं."

अनिकेत पुण्याच्या एका रीसेलरकडून आला होता. रीसेलर म्हणजे मोठ्या कंपन्यांचे प्लॅन कमिशनवर विकणारा. पोरगा हुशार होता, बुटांना लातूरची धूळही लागली नव्हती. त्याचं कोटेशन टेबलावर पडलं होतं. वर्षाचे एक लाख एकाहत्तर हजार, वर टॅक्स.

मी राहते नांदेडला. गेली सतरा वर्षं नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या लहान दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळते. अप्पांची प्रेस लातूरच्या बाजारपेठेत आहे. काम फक्त लग्नपत्रिकांचं. औसा आणि मुखेडला एकेक शाखा, त्या अप्पांची दोन धाकटी मुलं बघतात. मला त्यांनी बोलावलं, कारण महिनाभरापूर्वी त्यांच्या हातून एक भयंकर चूक झाली होती.

एका घरची पत्रिका तयार झाली. प्रूफ पास झालं. आणि दुसऱ्याच दिवशी नवऱ्या मुलाचे आजोबा वारले. घरच्यांनी मेल केला : आजोबांचं नाव निमंत्रकांतून काढा, वर 'कै.' लावून घ्या. तो मेल प्रेसला पोचलाच नाही. आठशे पत्रिका छापल्या आणि आजोबा त्यांत सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण देत होते. अप्पांनी स्वतः जाऊन हात जोडले, पत्रिका फुकट छापून दिल्या. पन्नास वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा त्यांनी कुणापुढे मान खाली घातली. पुन्हा तसं झालं तर प्रेसची पत जाणार, हे सगळ्यांना कळत होतं.

मेल न पोचण्याचं कारण साधं होतं. मेल खात्याची जागा भरली होती. मेल, फाइली आणि फोटो या सगळ्यांची जागा एकच असते. ती भरली की नवा मेल आत येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. पाठवणारा तो वाचतोच असं नाही, आणि सुतकातलं घर तर नाहीच वाचत.

म्हणून आता क्लाउडवर जागा विकत घ्यायची होती. क्लाउड म्हणजे फार काही नाही. आपला माल दुसऱ्याच्या गोदामात ठेवायचा आणि भाडं द्यायचं. भाड्याचे प्रकार तीन. एकट्यासाठीचा पर्सनल प्लॅन सगळ्यात स्वस्त, जागा थोडी. फॅमिली प्लॅन म्हणजे एक मोठी खोली, सहा जणांत मिळून. बिझनेस प्लॅनला डोईमागे भाडं : जितके युजर, तितके पैसे, दर महिन्याला.

मी घरून तिन्हींची तुलना एक्सेलमध्ये करून आणली होती. दर, जागा, माणसं असे तीन रकाने, रंगसुद्धा भरले होते. अप्पांनी तो कागद उलटा धरून पाहिला आणि बाजूला ठेवला.

थोरला मुलगा बसवराज प्रेसचा कारभार बघतो. तो म्हणाला, "मॅडम, फॅमिली प्लॅनच घेऊन टाकू की. महिन्याला साडेसहाशे. सहा जणांचे पासवर्ड सगळे वापरू."

"आणि युजर्स? एकोणीस आकडा कुठून आला?" मी विचारलं.

"मीच दिला. पत्रिकेवरून."

पत्रिका धाकट्या महेशच्या लग्नाची, सात वर्षांपूर्वीची. मी पुन्हा नावं वाचली. सगळ्यात वरचे, अप्पांचे मोठे भाऊ, दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांच्यासाठीही महिना साडेसातशे रुपये धरले होते. अनिकेतला हे सांगितलं तेव्हा त्याने गुपचूप पेन काढून एकोणिसाचे अठरा केले.

मग मी कामाचा प्रश्न विचारला. "भरलेलं खातं कुणाचं आहे?"

"प्रेसचं," बसवराज म्हणाला. "बोर्डावर लिवलंय की."

बोर्डावर होतं खरं. पण बोर्डावरच्या पत्त्यात नाव होतं सुवर्णाचं. सुवर्णा म्हणजे महेशची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा प्रेसला मेलच नव्हता. तिचा कॉलेजमधला होता, तोच कॉम्प्युटरवर टाकला, तोच बोर्डावर रंगवला. सात वर्षांच्या सगळ्या पत्रिका त्या एका खात्यात होत्या. आणि त्या एकोणीस नावांत सुवर्णा नव्हतीच, कारण त्या पत्रिकेत ती नवरी होती. सगळं गोदाम जिच्या नावावर, तिलाच कोटेशनमध्ये जागा नव्हती. मला हसू आलं, पण मी ते चहाबरोबर गिळलं.

"नो प्रॉब्लेम," अनिकेत म्हणाला. "बसवराज सर अ‍ॅडमिन. मॅडमच्या खात्यातला सगळा डेटा मायग्रेट करू आणि जुनं खातं बंद. दोन दिवसांचं काम."

मायग्रेट म्हणजे या गोदामातला माल त्या गोदामात हलवणे. अ‍ॅडमिन म्हणजे ज्याच्याकडे सगळ्या खोल्यांची किल्ली असते तो.

सुवर्णा कोपऱ्यातल्या मशीनवर काम करत होती. एवढं ऐकल्यावर तिचा माउसवरचा हात थांबला. मी कप ठेवायच्या निमित्ताने मागच्या मोरीकडे गेले, तशी ती पाठोपाठ आली.

"मॅडम, माझी चित्रं बी त्यातच हायत."

"कसली चित्रं?"

तिने मोबाइल दाखवला. मला चित्रांतलं फार कळत नाही, पण मी ती उभ्या उभ्या पाहत राहिले. बाजाराच्या दिवशीच्या बाया, औशाचा किल्ला, शेंगा फोडणारी म्हातारी. शेकडो होती. दुपारी घरातलं आवरून, टॅबवर काढलेली. एका बालमासिकाने तिला नमुने मागितले होते. घरात कुणाला माहीत नव्हतं, महेशलाही नाही.

"भाऊजींच्या ताब्यात गेलं तर वाईट काही करणार न्हाईत ते," ती म्हणाली. "पण मग एकेक चित्र त्यांना मागावं लागंल. कशापायी पाहिजे म्हणून विचारतील. मग मी मागणारच न्हाई. मला माहीत हाय माझं."

"मग अप्पांना सांग ना."

"तुमचं माझं म्हणायला लागली, म्हणतील."

माझी एक खोड आहे. कुणी गप्प बसलं की माझं तोंड जास्त चालतं. बाहेर आले आणि सरळ विचारलं, "बसवराज, उद्या महेश वेगळा झाला, तर तो बघतो त्या औशाच्या दुकानातल्या फाइली कुणाच्या?"

बसवराज म्हणाला, "मॅडम, असलं बोलत न्हाईत घरात."

अप्पांचा चेहरा लाल झाला. "ताई, तुम्हाला कॉम्प्युटरसाठी बोलावलं. वाटण्या करायला न्हाई."

"हे कॉम्प्युटरचंच आहे, अप्पा. फॅमिली प्लॅनमध्ये खोली एक असली तरी ज्याच्या फाइली त्याच्या. तो माणूस बाहेर पडला की त्याचा माल त्याच्याबरोबर जातो. बिझनेस प्लॅनमध्ये उलटं. माणूस गेला तरी माल मालकाकडे राहतो. म्हणून आधी माल कुणाचा ते ठरवायचं, मग प्लॅन. हे तुम्ही सांगणार नसाल तर मी उठते, करा त्या कागदावर सही."

मी खरंच पर्स उचलली होती. पण उठता उठता गल्ल्यामागच्या भिंतीकडे लक्ष गेलं. तिथे काचेच्या पेटीत एक लोखंडी पट्टी टांगलेली आहे. कंपोझिंग स्टिक. कॉम्प्युटर यायच्या आधी कंपोझिटर एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षराचा शिशाचा ठसा, या पट्टीवर लावून ओळ जुळवायचे. अप्पा दर दसऱ्याला तिची पूजा करतात. तिच्यावरचं हळदकुंकू कधी पुसलं जात नाही.

"अप्पा, ही स्टिक कुठली?" मी विचारलं.

"नांदेडची. अकरा वर्षं कंपोझिटर होतो तिथल्या प्रेसमधी."

"नोकरी सोडताना काय काय आणलंत?"

"हीच आणली. स्वतःच्या पैशानं घेतली होती."

"आणि खिळे?"

"खिळे कसे आणीन?" अप्पा चिडून म्हणाले. "खिळे मालकाचे."

"एकही नाही?"

"एक बी न्हाई. 'श्री'चा मोठा खिळा होता, लई जीव होता माझा त्याच्यावर. तो बी ठिवून आलो. खिळे प्रेसचे, स्टिक माझी. ह्याच्यात वाटणी कुठं आली?"

बोलता बोलता ते थांबले. कागद बघावा तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मान वळवून कोपऱ्यातल्या मशीनकडे. म्हातारा पाचवी शिकलेला आहे, पण त्याला जे कळायला अर्धा मिनिट लागलं ते मला माझ्या रंगीत एक्सेलमध्ये आठवडाभर सापडलं नव्हतं.

"सुवर्णा," अप्पा म्हणाले, "इकडं ये, पोरी. तुझी स्टिक कंची?"

सुवर्णा आली. पदर सारखा केला. "चित्रं हायत, अप्पा. पत्रिकांची न्हाईत. घरी काढलेली."

"दाव."

तिने मोबाइल पुढे केला. अप्पांनी चष्मा लावून शेंगा फोडणारी म्हातारी बराच वेळ पाहिली. "ही तर आपली अव्वा," ते म्हणाले. अव्वा म्हणजे त्यांची बायको. मग बसवराजकडे वळून म्हणाले, "ही सुवर्णाची स्टिक. ह्याला हात लावायचा न्हाई. पत्रिका तेवढ्या प्रेसच्या."

"हाव, अप्पा," बसवराज म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट तो सुटल्यासारखा वाटला. मला इतका आनंद झाला की मी अनिकेतच्या प्लेटमधलं बिस्किट उचलून खाल्लं.

बाकीचं काम सोपं होतं. प्रेसच्या फाइलींना हात किती जण लावतात? लातूरला दोघं, औशात एक, मुखेडला एक. झाले चार. बिझनेस प्लॅन चौघांपुरता. मुनीम, कटिंगवाले आणि गिऱ्हाइकांना फाइल फक्त बघायची असते, त्यांना लिंक पाठवली की झालं. बघायला भाडं पडत नाही, हे रीसेलर लोक जरा हळू आवाजात सांगतात.

घरच्या फोटोंसाठी एक फॅमिली प्लॅन. सहा जागा कुणाला, यावर मात्र खरी चर्चा झाली. अप्पांचे तिघे मुलगे आणि दोन थोरल्या सुना, पाच झाले. लग्न झालेल्या मुली त्यांच्या घरी, मोठ्या लेकरांची आपापली खाती, लहानांना अजून नाहीत, अप्पांकडे बटणाचा फोन. सहावी जागा अव्वाला मिळाली, कारण गुड मॉर्निंगचे सगळ्यात जास्त फोटो तिच्याच मोबाइलमध्ये निघाले.

सुवर्णाचं खातं सुवर्णाकडेच राहिलं. वर एकट्यासाठीचा लहान पर्सनल प्लॅन, महिना एकशे तीस. तो प्रेसच्या खर्चात टाकू म्हणून बसवराज म्हणाला. अप्पांनी नको म्हटलं. "स्टिक ज्याची त्यानंच घ्यायची असती." सुवर्णाने तिथल्या तिथे स्वतःच्या फोनवरून पैसे भरले. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

सगळं मिळून वर्षाचा खर्च पंचेचाळीस हजारांच्या आसपास बसला, कोटेशनच्या चौथाईपेक्षा थोडा वर. हे तेव्हाचे दर. दर बदलत राहतात, घेताना स्वतः पाहावेत. चार युजर शेवटी अनिकेतनेच विकले. जाताना म्हणाला, "मॅडम, तो स्टिकचा पॉइंट मी दुसरीकडे वापरू का?" मी म्हटलं, खुशाल वापर.

माल हलवायला तीन दिवस लागले. पत्रिकांचं फोल्डर आम्ही आधी मोजलं, हलवलं, पलीकडे पुन्हा मोजलं, मग इकडचं पुसलं. ही पायरी घाईत गाळतात आणि मग रडतात. बोर्डावर नवा पत्ता रंगवला. जुन्या पत्त्यावर येणारा पत्रिकांचा मेल तेवढा आपोआप नव्याकडे जाईल अशी सोय केली. शेवटी मी नांदेडहून एक मेल टाकला : 'आजोबांच्या नावाआधी कै. लावा.' दोन मिनिटांत अप्पांचा फोन आला. "पोचला, ताई. लावला."

त्यानंतरचा अख्खा लग्नसराईचा मोसम गेला, एकही दुरुस्ती चुकली नाही. माझ्या एक्सेलमध्ये आता चौथा रकाना आहे : 'माणूस गेला तर फाइल कुणाची?' तो मी सगळ्यात पहिला ठेवते. गिऱ्हाईक तो वाचून इकडेतिकडे बघतं, मग दार लोटून घेतं आणि खरं बोलायला लागतं. दर विचारायची वेळ त्यानंतर येते.

परवा बसवराजच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. अप्पांच्या थोरल्या भावाच्या नावाआधी 'कै.' होतं. पुढच्या बाजूला तोरण, त्याखाली उखळाशी बसलेल्या बाया, रेषा ओळखीच्या. मागे तळाशी, प्रेसच्या नावाच्या वर, बारीक टायपात छापलं होतं : चित्र – सुवर्णा.

सवयीने मी नावं मोजली, 'कै.' सोडून. बावीस भरली. निमंत्रकांत एकदा आणि चित्रासाठी एकदा असं सुवर्णाचं दोनदा होतं, म्हणजे माणसं एकवीस.